समुद्रकिनाऱ्यावर व्हिनेगरची बाटली कशाला? – बॉक्स जेलीफिशचा पाठ



मागच्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने ऑस्ट्रेलियातून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. ती नोकरीनिमित्त क्वीन्सलंड राज्यातल्या टाउन्सव्हिल या शहरात राहते. फोटोत स्वच्छ किनारा, मागे नारळाची झाडं आणि वाळूत रोवलेला एक खांब. खांबाला पेटीसारखं काहीतरी बसवलेलं आणि त्यात एक बाटली. खाली तिने लिहिलं होतं, "बाई, ओळखा बरं ही बाटली कशाची?"

मी लिहिलं, "पिण्याचं पाणी." तिचं उत्तर आलं, "नाही बाई. व्हिनेगर!"

दुसऱ्या दिवशी तोच फोटो मी नववीच्या वर्गात दाखवला आणि तोच प्रश्न विचारला, फक्त उत्तर आधीच सांगून टाकलं. समुद्रकिनाऱ्यावर सरकार फुकट व्हिनेगर का ठेवत असेल? मुलांनी एकेक तर्क लढवले. "बाई, तळलेल्या माशांवर घालायला." "चायनीज भेळेसाठी." एक मुलगा म्हणाला, "गंज काढायला." शेवटच्या बाकावरची एक मुलगी जरा थांबून म्हणाली, "काहीतरी चावत असेल तिथे."

तिचं उत्तर जवळजवळ बरोबर होतं. त्या एका बाटलीवर आमचे पुढचे तीन तास गेले. प्राण्यांचं वर्गीकरण, परासरण आणि प्रथमोपचार हे तिन्ही विषय त्यात आले. त्याच ओघात माझी स्वतःची एक जुनी चूकही मला मुलांपुढे कबूल करावी लागली. ती पुढे सांगते. आधी तो प्राणी ओळखून घेऊ.

पेटीच्या आकाराची छत्री

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सिलेंटराटा किंवा निडारिया हा संघ शिकवतो. जलव्याल, समुद्रफूल, प्रवाळ ही त्यातली नेहमीची उदाहरणं. शरीर अरीय सममित, शुंडकांवर दंशपेशी, एवढं लिहून मुलं दोन गुण मिळवतात आणि पुढच्या संघाकडे वळतात. आपली जेलीफिश याच संघातली. मालवणकडचे मच्छीमार तिला 'झार' म्हणतात आणि जाळ्यात झार भरली की वैतागतात. नावात 'फिश' असलं तरी ती मासा नाही. तिला पाठीचा कणा नाही, कल्ले नाहीत, रक्त नाही, हृदयही नाही. शरीराचा बहुतेक भाग निव्वळ पाणी.

या संघात क्युबोझोआ नावाचा एक छोटासा वर्ग आहे. यातल्या जेलीफिशची छत्री गोल नसून चौकोनी, पेटीसारखी असते, म्हणून त्यांना बॉक्स जेलीफिश म्हणतात. त्यातली सर्वांत मोठी आणि सर्वांत घातक जात म्हणजे कायरोनेक्स फ्लेकेरी. उत्तर ऑस्ट्रेलियाचा उष्ण किनारा हे तिचं घर.

पूर्ण वाढलेल्या कायरोनेक्सची छत्री सुमारे ३० सेंटिमीटर रुंद, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी होते. तिच्या चार कोपऱ्यांतून प्रत्येकी १५ पर्यंत, म्हणजे एकूण ६० पर्यंत शुंडकं निघतात. पोहताना ती आखडून १५ सेंटिमीटरची होतात आणि शिकारीसाठी सोडली की तीन मीटरपर्यंत लांबतात. वर्गात मी एका मुलाला दोरी घेऊन उभं केलं आणि तीन मीटर मोजायला लावले. दोरीचं टोक फळ्यापासून थेट तिसऱ्या बाकापर्यंत गेलं, तेव्हा वर्गात 'बापरे' झालं. अशा साठ दोऱ्या, आणि त्या पाण्यात जवळजवळ दिसत नाहीत, कारण प्राणी पारदर्शक आहे.

धोका नेमका इथे आहे. कायरोनेक्स माणसाच्या मागे लागत नाही. माणूस तिचं भक्ष्य नाहीच. पण गुडघाभर, कंबरभर पाण्यात ती कोळंबी आणि लहान मासे शोधत फिरते आणि त्याच पाण्यात पोरं धावत सुटतात. धावणाऱ्या पायांना शुंडकं गुंडाळली जातात. घाबरून माणूस हातपाय झाडतो आणि आणखी शुंडकं चिकटतात.

एक मूल गेलं आणि एका प्राण्याला नाव मिळालं

या प्राण्याला नाव मिळालं त्यामागे एक दुःखद घटना आहे. २० जानेवारी १९५५ रोजी क्वीन्सलंडमधल्या कार्डवेल गावाजवळ पाच वर्षांचा एक मुलगा उथळ पाण्यात खेळताना दंश होऊन दगावला. किनारपट्टीवर असे मृत्यू आधीही झाले होते, पण नेमका कोणता प्राणी हे करतो याचा पुरावा नव्हता. बरेच जण दोष ब्लू बॉटलला देत. केर्न्स शहरात ह्यूगो फ्लेकर नावाचे एक डॉक्टर होते. व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ, पण विषारी वनस्पती आणि प्राणी हा त्यांचा ध्यास. त्यांनी पोलिसांना सांगून त्या जागेच्या आसपास जाळी टाकून मिळतील त्या जेलीफिश पकडायला लावल्या. पकडलेल्यांत एक चौकोनी, कोपऱ्यांतून शुंडकांचे झुबके असलेली जेलीफिश होती. फ्लेकरनी ती ॲडलेडला डॉ. रोनाल्ड साउथकॉट यांच्याकडे पाठवली. ही नवी जातच नव्हे तर नवी प्रजातीच आहे, हे साउथकॉट यांनी ओळखलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात नाव प्रसिद्ध केलं. 'कायरो' म्हणजे ग्रीकमध्ये हात, 'नेक्स' म्हणजे लॅटिनमध्ये हत्या, आणि फ्लेकेरी हे फ्लेकर यांच्या नावावरून.

शास्त्रीय नावं म्हणजे पाठांतराची शिक्षा असं मुलांना वाटतं. ही गोष्ट सांगितल्यावर वर्गातल्या एकालाही ते नाव पाठ करावं लागलं नाही.

ऑस्ट्रेलियात आजवर या प्राण्यामुळे सुमारे ७० मृत्यू नोंदले गेले आहेत. शंभरहून अधिक वर्षांचा हिशोब धरला तर आकडा लहान वाटेल. पण गेल्या काही दशकांत गेलेल्यांत दुर्गम किनारी वस्त्यांमधल्या लहान मुलांचं प्रमाण मोठं आहे. शरीर लहान, म्हणून कमी शुंडकांचं विषही पुरतं, आणि दवाखाना लांब.

दंशपेशी: कुकरपेक्षा कितीतरी जास्त दाब

आता पाठाचा गाभा. इथे घाई करू नका, कारण प्रथमोपचाराचं सगळं उत्तर या एका पेशीत आहे.

प्रत्येक शुंडकावर लक्षावधी दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी, कुपीला झाकण आणि आत गुंडाळी करून ठेवलेली पोकळ नळी. कुपीत विष भरलेलं. पेशीच्या बाहेर केसासारखा एक घोडा, बंदुकीला असतो तसा. त्याला स्पर्श झाला आणि त्याच वेळी कातडीवरच्या रसायनांचा वास लागला की झाकण उघडतं आणि आतली नळी उलटी होत बाहेर येते. उलटी होत म्हणजे कशी, ते मुलांना पटकन कळत नाही. पायमोजा काढताना आतली बाजू बाहेर येते ना, तशी. ती नळी कातडीत घुसते आणि विष आत सोडते.

जलव्यालाच्या दंशपेशीचा वेग जर्मन शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने मोजला आणि २००६ साली प्रसिद्ध केला. नळी सुटायला ७०० नॅनोसेकंद लागतात. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागापेक्षाही कमी. सुटतानाचं त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ५० लाख पटींहून जास्त. एवढा जोर येतो कुठून? कुपीतल्या दाबातून. तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १५० पट असतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये शिट्टी होण्याच्या बेताला वातावरणाच्या साधारण दुप्पट दाब असतो आणि तेवढ्यानेही आपण झाकणाला हात लावत नाही.

आणि इतका दाब तयार होतो तो परासरणाने! कुपीत विरघळलेल्या घटकांची दाटी असते, त्यामुळे बाहेरचं पाणी आत शिरू बघतं. आपण वर्गात मनुके पाण्यात टाकून फुगवतो तीच ही क्रिया. फक्त इथे मनुका फुगू शकत नाही, कारण कुपीची भिंत जबरदस्त चिवट आहे.

आता मुलांना विचारा: ही पेशी सोडायची की नाही, हा निर्णय कोण घेतं? जेलीफिशला मेंदू नाही. बऱ्याच अंशी पेशी स्वतःच सुटते. म्हणूनच मेलेल्या, वाळूत पडलेल्या जेलीफिशचं शुंडकही दंश करतं. माणसाच्या पायाला चिकटून तुटलेला तुकडाही करतो. दंश झाला त्या क्षणी त्या तुकड्यावरच्या थोड्याच पेशी सुटलेल्या असतात. बाकीच्या भरलेल्या बंदुका तशाच कातडीवर असतात. पुढच्या मिनिटाभरात आपण काय करतो, यावर त्यांचं काय होणार ते ठरतं.

कायरोनेक्सचं विष प्रथिनांचं बनलेलं असतं. त्यातली काही प्रथिनं पेशींच्या पटलाला भोकं पाडतात. लाल रक्तपेशी फुटल्यासारख्या होतात, त्यांतलं पोटॅशियम रक्तात येतं आणि हृदयाचा ताल बिघडतो. मोठ्या दंशात माणूस दोन ते पाच मिनिटांत दगावू शकतो. इतकं जहाल विष कशासाठी? इतक्या नाजूक, जेलीसारख्या शरीराच्या प्राण्याने तडफडणारा मासा धरला तर मासाच त्याच्या चिंध्या करील. म्हणून भक्ष्य तत्क्षणी निपचित पडलं पाहिजे. लहान कायरोनेक्स मुख्यतः कोळंबीवर जगते आणि मोठी झाली की माशांकडे वळते. त्या वयात तिचं विषही बदलतं.

स्पिरिटची चूक आणि व्हिनेगरचा शोध

बाटलीकडे परत येऊ. पूर्वी ऑस्ट्रेलियात अशा दंशावर स्पिरिट ओतायचा सल्ला दिला जात असे. डॉक्टरांचाच सल्ला, आणि हेतू चांगला. स्पिरिट जंतू मारतं, पेशी मारतं, मग दंशपेशीही मारेल असा सरळ हिशोब. १९८० मध्ये हार्टविक, कॅलनन आणि विल्यमसन यांनी प्रत्यक्ष शुंडकांवर वेगवेगळे द्रव टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. स्पिरिट टाकताच दंशपेशी धडाधड सुटल्या. म्हणजे उपचार म्हणून जे ओतत होते, त्यानेच उरलेलं विष अंगात जात होतं. उलट साध्या, स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरने न सुटलेल्या पेशी कायमच्या निकामी झाल्या. ज्यावर कोणी विचारही केला नसता, असा हा स्वस्त पदार्थ.

तेव्हापासून उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या दिसू लागल्या. तिथला आजचा नियम असा: माणसाला पाण्याबाहेर काढायचं, रुग्णवाहिका बोलवायची, दंशाच्या जागी निदान ३० सेकंद भरपूर व्हिनेगर ओतायचं, मग शुंडकं काढायची. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वसन सुरू करायचं आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. अनेक जीव या छाती दाबण्यानेच वाचले आहेत. व्हिनेगरने आधीच अंगात गेलेलं विष उतरत नाही आणि वेदनाही कमी होत नाहीत. ते फक्त पुढचं विष थांबवतं. प्रतिविष १९७० पासून उपलब्ध आहे, मेंढ्यांच्या शरीरात तयार केलेलं, पण ते देईपर्यंत माणूस तगला पाहिजे.

इथे एक गोष्ट लपवू नये. २०१४ मध्ये काही संशोधकांनी शंका घेतली की, आधीच सुटलेल्या कुप्यांत उरलेलं विष व्हिनेगरमुळे बाहेर पडत असावं. वाद झाला. मार्गदर्शक सूचनांत व्हिनेगर कायम राहिलं. मी हेही वर्गात सांगितलं. एका मुलाने लगेच विचारलं, "मग खरं काय?" मी म्हटलं, आज हातात असलेल्या पुराव्यांवरून व्हिनेगर वापरायचं, आणि नवा पुरावा आला तर पुन्हा बघायचं. त्याला हे उत्तर फारसं आवडलं नाही. परीक्षेत असं लिहिलं तर गुण मिळतील का, असं त्याने विचारलं!

संरक्षणाचा एक मजेदार प्रकारही आहे. क्वीन्सलंडचे जीवरक्षक पूर्वी बायकांचे पातळ लांब पायमोजे अंगावर चढवून पाण्यात उतरत. दंशपेशीला कातडीचा स्पर्श आणि तिचा रासायनिक इशारा मिळाला नाही की ती सुटत नाही, आणि नळीही फार लांब नसते. हातभर लांबीचे, मिशीवाले जीवरक्षक आणि बायकांचे पायमोजे! हे ऐकून वर्ग पाच मिनिटं हसत होता, पण दंशपेशीचा घोडा कशाने दबतो हे मात्र कुणी विसरलं नाही. आता त्याऐवजी अंगभर पोहण्याचे खास पोशाख मिळतात.

चोवीस डोळे, मेंदू एकही नाही

मला स्वतःला या प्राण्यातलं सर्वांत नवल वाटतं ते डोळ्यांचं. बॉक्स जेलीफिशच्या छत्रीच्या चारही बाजूंना एकेक लोंबता इंद्रियगुच्छ असतो आणि प्रत्येक गुच्छात सहा डोळे. एकूण २४. त्यातले काही फक्त उजेड-अंधार ओळखतात, पण प्रत्येक गुच्छातल्या दोन डोळ्यांना आपल्यासारखं भिंग असतं. गुच्छाच्या तळाशी एक जड खडा असतो, त्यामुळे जेलीफिश कशीही कलंडली तरी गुच्छ ओळंब्यासारखा सरळच राहतो. कॅरिबियन समुद्रातल्या खारफुटीत राहणाऱ्या ट्रिपेडालिया नावाच्या नखाएवढ्या बॉक्स जेलीफिशचा वरचा डोळा नेहमी वर बघत असतो. पाण्याच्या पृष्ठभागातून त्याला खारफुटीच्या झाडांची सावली दिसते आणि त्यावरून ती घराची दिशा धरते. हे २०११ मध्ये सिद्ध झालं. २०२३ मध्ये त्याच जेलीफिशवर आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गोल टाकीच्या भिंतीवर फिकट पट्टे काढले. सुरुवातीला ती पट्ट्यांचा अंदाज न येऊन भिंतीला धडकत राहिली, पण थोड्याच वेळात धडकणं कमी झालं. अनुभवातून ती शिकली. मेंदू नाही, तरी शिकली!

हे वाचून मी माझ्या शिक्षकी पेशाबद्दल काय विचार केला ते लिहीत नाही.

कायरोनेक्सही लाटेबरोबर वाहत जाणारी जेली नाही. ती दिशा धरून पोहते, अडथळे चुकवते. दिवसा भराभर फिरते आणि रात्री तळाशी जवळजवळ निश्चल राहते. तिला झोप म्हणायचं की नाही, यावर शास्त्रज्ञांत चर्चा आहे. समुद्री कासवं मात्र तिला बिनदिक्कत खातात.

जीवनचक्र थोडक्यात सांगते. नर-मादीच्या मीलनातून झालेली सूक्ष्म पिल्लं खाडीत जाऊन दगडांच्या खालच्या बाजूला चिकटतात आणि तिथे पॉलिप म्हणून राहतात. पुढे एक अख्खा पॉलिप बदलून एक जेलीफिश होतो. साध्या जेलीफिशमध्ये एका पॉलिपच्या चकत्या सुटून अनेक जेलीफिश होतात, तसं इथे नाही. उन्हाळी पावसाच्या सुमारास छोट्या कायरोनेक्स खाडीतून समुद्राकडे येतात. तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात असतो, म्हणून धोक्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. त्या काळात पोहण्याच्या जागांभोवती जाळ्या लावतात.

पण जाळीतून सुटते अशी तिची एक धाकटी बहीण आहे. छत्री जेमतेम एक सेंटिमीटर. तिचा दंश आधी डासाएवढाच जाणवतो, मग अर्ध्या तासाने पाठीत असह्य कळा, उलट्या, घाम, वाढलेला रक्तदाब आणि 'आता मी मरणार' ही भीती. केर्न्सजवळच्या इरुकांजी या आदिवासी समाजाच्या नावावरून फ्लेकरनी १९५२ मध्ये या लक्षणांना नाव दिलं, पण प्राणी सापडत नव्हता. १९६१ मध्ये डॉ. जॅक बार्न्स यांना एक चिमुकली जेलीफिश मिळाली. खात्री करायला त्यांनी तिचा दंश स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला करवून घेतला. तिघेही रुग्णालयात पोहोचले. तिघेही वाचले आणि त्या जेलीफिशला पुढे कारुकिया बार्नेसी असं नाव मिळालं. मुलावर असा प्रयोग करणं योग्य होतं का, यावर वर्गात जोरदार भांडण झालं. तुमच्याही वर्गात होऊ द्या.

आपला किनारा, आणि माझी चूक

भारताच्या समुद्रात बॉक्स जेलीफिशच्या काही जातींची नोंद आहे. पण मुंबई-कोकणातल्या मुलांची गाठ पडते ती बहुधा ब्लू बॉटलशी. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, वाऱ्याने ढकललेले हे निळे फुगे जुहू, गिरगावच्या वाळूवर येऊन पडतात. गणपती विसर्जनही याच दिवसांत. दहावीच्या पुस्तकात फायसेलिया किंवा पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर म्हणून हिचं नाव आहे. ही खरी जेलीफिशसुद्धा नाही, तर अनेक जीवांची मिळून बनलेली वसाहत आहे. कुणी फुगा झालेला, कुणी शिकार करतो, कुणी पचवतो. तिचा दंश चाबकाच्या फटक्यासारखा जळजळतो, पण जिवावर क्वचितच बेततो.

बऱ्याच वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही सातवीच्या मुलांना समुद्रावर नेलं होतं. एका मुलाने निळा फुगा सुंदर दिसतो म्हणून उचलला. दोरा मनगटाला गुंडाळला गेला आणि तो किंचाळला. मी धावले. मूठभर ओली वाळू घेऊन त्याचं मनगट खसाखसा घासलं आणि माझ्या बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतलं. तो आणखी जोरात रडायला लागला. मला वाटलं, घाबरलाय.

आता वरची दंशपेशी आठवा. घासल्याने कातडीवरच्या न सुटलेल्या पेशींचे घोडे मीच दाबले. गोडं पाणी ओतल्याने बाहेरचं पाणी पातळ झालं आणि कुप्यांवरचा परासरणाचा ताण वाढला. परासरण मी तेव्हा दरवर्षी शिकवत होते, मनुक्यांसकट! फळ्यावरचं ज्ञान किनाऱ्यावर माझ्या हातात आलं नाही. मुलगा दोन दिवसांत बरा झाला, पण मनगटावरचे वळ आठवडाभर होते. त्याच्या आईने उलट माझेच आभार मानले, ते जास्त लागलं.

ब्लू बॉटलचा उपचार बॉक्स जेलीफिशपेक्षा वेगळा आहे, हे पालकांनी नीट लक्षात घ्यावं. ऑस्ट्रेलियातल्या सूचनांनुसार ब्लू बॉटलवर व्हिनेगर वापरत नाहीत. चिमट्याने किंवा हातात पिशवी घालून दोरे उचलायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, मग सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग २० मिनिटं ठेवायचा. पाणी आधी मोठ्या माणसाने आपल्या हातावर पाहायचं, कारण दुखण्याच्या भरात मुलाला चटका कळत नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच एका चाचणीत गरम पाण्याने ८७ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या, बर्फाच्या पिशवीने फक्त ३३ टक्के लोकांच्या. वाळू नाही, गोडं पाणी नाही, स्पिरिट नाही. आणि सिनेमात, मालिकांत दाखवतात तो लघवीचा उपाय तर अजिबात नाही. धाप लागली, ओठ-चेहरा सुजला, दंश डोळ्याजवळ किंवा मोठ्या भागावर असला, तर घरगुती उपचारात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

वर्गात करून बघा

पातळ प्लॅस्टिकचा हातमोजा घ्या. एक बोट आत ढकला, बाकीची बोटं रबराने बांधा आणि मनगटाकडून फुंका. आत गेलेलं बोट फटकन उलटं होऊन बाहेर येतं. ही झाली दंशपेशीची नळी. दोन वाट्यांत मनुके टाका, एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं दाट पाणी. दोन तासांनी कुठले जास्त फुगले ते मुलांना पाहू द्या आणि मग विचारा, दंशावर बिसलेरीचं पाणी का ओतायचं नाही? उत्तर मुलंच देतात. आमच्या वर्गात त्याच शेवटच्या बाकावरच्या मुलीने दिलं आणि वर विचारलं, "बाई, मग त्या दादाला तुम्ही सॉरी म्हटलंत का?"

म्हटलं नव्हतं. तो आता पुण्यात नोकरी करतो. त्या संध्याकाळी फोन लावला. त्याला प्रसंग आठवत होता, वाळूही आठवत होती. म्हणाला, "बाई, मी तर आजवर सगळ्यांना तोच उपाय सांगत आलोय!" मग त्यालाही गरम पाण्याचं सगळं समजावून सांगितलं.

गेल्या ऑगस्टमध्ये पुन्हा मुलांना घेऊन समुद्रावर गेलो. या वेळी पिशवीत चिमटा, दोन जाड पिशव्या, छोटं टोपलं आणि गरम पाण्याचा मोठा थर्मास होता. ब्लू बॉटल दिसल्या, मुलांनी चार हातांवरून मोजल्या, एकोणीस भरल्या, कुणी हात लावला नाही. परत निघताना शाळेच्या मावशींनी थर्मासातल्या पाण्यात कॉफीच्या पुड्या टाकल्या.